कृष्णाकाठचा कार्बोरेटर

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्याविषयीचा एकोणिसावा खंड 1885 साली प्रसिद्ध झाला आणि त्यात जिल्ह्याची शेती, व्यापार व कारागिरी यांची तपशीलवार नोंद झाली. परंतु त्यानंतरच्या शतकात ज्या कसबाने या मुलखातील प्रत्येक तालुक्याच्या गावी आपले ठाणे मांडले, त्या मोटारसायकल दुरुस्तीच्या कसबाची दप्तरी दखल क्वचितच घेतली गेली. हे कसब, आणि त्यातही कार्बोरेटरची दोषपरीक्षा, सातारा-सांगलीच्या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे असे माझे निश्चित मत आहे. कारण येथील घाट, येथील पूर आणि येथील ऊस या तिहींनी त्या मुठीएवढ्या यंत्रावर आपापला अंमल गाजविला आहे.

यंत्रविद्येची भूमी येथे आधीच सिद्ध झालेली होती. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानचे अधिपती पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडलनजीकच्या माळावर कारखाना उभारला. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर आणि पुढे इंजिने तयार होऊ लागली. त्यामुळे 1960 साली दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले, तेव्हा लोखंडाची नाडी ओळखणारी एक पिढी गावोगाव हयात होती. सहकारी साखर कारखान्यांमुळे शेतकऱ्याच्या हाती रोकड खेळू लागली, आणि मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा व येझदी आणि एस्कॉर्ट्सची राजदूत या गाड्या उसाच्या बांधापर्यंत येऊन पोहोचल्या.

कार्बोरेटरचे तत्त्व साधे आहे. इंजिन हवा ओढते. ती अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि खालच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या सूक्ष्म छिद्रातून वर येऊन तिच्यात मिसळते. वाटीतील पातळी फ्लोट सांभाळतो. गाडी मंद चालताना पायलट जेटचे राज्य असते, वेगाची मूठ पावापासून पाऊणपर्यंत पिळली असता निमुळत्या सुईचे, आणि त्यापुढे मेन जेटचे. म्हणूनच जाणता मिस्त्री गिऱ्हाइकाला प्रथम हेच विचारतो की गाडी कोणत्या मुठीला गचके मारते. कारण या एका उत्तराने निम्मी परीक्षा आटोपते. त्यानंतर तो टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, कॉकची जाळी, वाटीच्या तळाचा गाळ, फ्लोटची सुई आणि इंजिनाशी जोडणाऱ्या रबराची भेग या क्रमाने जातो, आणि शेवटी प्लग काढून त्याचा रंग पाहतो: कोरडी काजळी असेल तर पेट्रोल अधिक, पांढुरका असेल तर हवा अधिक, तांबूस तपकिरी असेल तर सारे यथास्थित. स्वस्त पुर्जा बदलून पाहण्याआधी कारण शोधण्याची ही शिस्त ज्या गॅरेजांनी टिकविली, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

घाटाने या विद्येत एक प्रकरण वाढविले. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीमार्गे साडेचार हजार फुटांवरील महाबळेश्वरास जाताना हवा विरळ होत जाते, पेट्रोलचे प्रमाण तुलनेने वाढते आणि सखल प्रदेशात उत्तम जुळविलेली गाडी वर जाऊन जड चालते. कायम वर राहणाऱ्याच्या गाडीतील निमुळती सुई एक खाच खाली घेणे हा त्यावरचा उपाय. रॉकेलच्या भेसळीने दुसरे प्रकरण लिहिले: रेशनचे स्वस्त रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळण्याचा अनाचार बोकाळला, तेव्हा गाडी थंड असताना किक मारून पाय दुखावे आणि प्लग वारंवार काळा पडावा, अशा तक्रारींत निर्दोष कार्बोरेटरवरच आळ येई. पुराचे प्रकरण तर सर्वांत क्लेशकारक. 2005 साली आणि पुन्हा 2019 साली कृष्णेचे पाणी सांगलीच्या वस्तीत शिरले. अशा पुरात बुडालेल्या गाडीच्या वाटीत आणि जेटांत नदीचा सूक्ष्म गाळ बसतो. तो वाळण्यापूर्वी पुर्जे सुटे करून धुतले नाहीत तर छिद्रे कायमची बुजतात.

परंतु सर्वांत अर्थपूर्ण प्रकरण उसाचे आहे. मळीपासून निघणारे अल्कोहोल मोटारीच्या इंधनात मिसळण्याचा विचार नवा नव्हता. त्यासाठी 1948 सालीच केंद्राने कायदा केला होता. पथदर्शी प्रयोगाची तजवीज मात्र 2001 साली झाली, आणि त्यासाठी देशातून जी मोजकी ठिकाणे निवडली गेली त्यांत मनमाड आणि बरेलीबरोबर सांगली जिल्ह्यातील मिरज होते. आपल्या शेतातील ऊस इथेनॉल होऊन आपल्याच गाडीच्या टाकीत परत येण्याचा योग या भागाला त्या प्रयोगाच्या आरंभीच लाभला, ही गोष्ट जिल्ह्याच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदविण्याजोगी आहे. प्रारंभी 5 टक्के असलेले मिश्रणाचे उद्दिष्ट आता 20 टक्क्यांवर गेले आहे, आणि जुन्या कार्बोरेटरला त्याचा जाच होतो. इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. ते मर्यादेबाहेर गेले की पाण्याचा थर वेगळा होऊन वाटीच्या तळाशी, नेमका जेटच्या तोंडाशी बसतो, आणि जस्तमिश्रित धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. जुने रबर फुगते. टाकीतील वर्षानुवर्षांचा चिकटा सुटून जेटात अडकतो. शिवाय 1 किलो पेट्रोल जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर इथेनॉलला केवळ 9. म्हणून जुन्या मापाच्या जेटमधून पुरेसे इंधन येत नाही, प्लग पांढुरका होतो आणि इंजिन तापते.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 प्रदूषण निकषांमुळे नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यामुळे उरलेल्या जुन्या बुलेट, येझदी आणि राजदूत यांचा सांभाळ आता सर्वस्वी या मिस्त्रींच्या हाती आहे. इथेनॉलमिश्रित इंधनासाठी त्यांची पद्धत अशी: मेन जेट एक नंबर मोठा घ्यावा, हवेचा स्क्रू नव्याने जुळवावा, नळ्या आणि फ्लोटच्या सुईचे टोक इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवावे, आणि गाडी पावसाळ्यात उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून वाटीतील शेवटचा थेंब जळेपर्यंत इंजिन चालू ठेवावे.