रेम गेले, सिव्हर्ट आले

काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुप्याच्या धरणातून पुढे कारवार तालुक्यात कैगा येथे येते. तिथली अणुवीज २००० साली सुरू झाली. किरणोत्साराची मापे मात्र त्याआधीच बदलली होती.

शरीराने वा वस्तूने शोषलेल्या मात्रेसाठी १९५३ साली ‘रॅड’ ठरले. १९७५ साली त्याजागी ‘ग्रे’ आला. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा, अर्थात १०० रॅड. शरीरावरील परिणाम मोजणाऱ्या ‘रेम’ची जागा १९७९ साली ‘सिव्हर्ट’ने घेतली, एक सिव्हर्ट म्हणजे १०० रेम. आपल्याकडे कुडव-पायली जाऊन किलो-लिटर आले, तसेच हे.

पण आकडा फसवतो. जुन्या कागदांत कामगाराची वार्षिक मर्यादा ५ रेम, तर १९९० च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत सरासरी २० मिलिसिव्हर्ट. मर्यादा वाढली असे वाटेल. पण २० मिलिसिव्हर्ट म्हणजे २ रेमच. ती घटली होती!

नोव्हेंबर २००९ मध्ये कैगा येथे कामगारांच्या पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम आढळले, तेव्हा बातम्यांत ३० मिलिसिव्हर्टची वार्षिक मर्यादा आली. दहाने भागा, ३ रेम. काळीकाठच्या माणसाने आकड्याआधी एकक वाचावे, हे बरे.