फोर्स फीडबॅक स्टिअरिंग व्हील : बिघाड व निदान

शर्यतीच्या व्हिडिओ गेमसाठी संगणकाला किंवा कन्सोलला जोडायचे, आत मोटर असलेले स्टिअरिंग. गेममधल्या गाडीच्या पुढच्या चाकांवर जे बल येते त्या प्रमाणात ही मोटर स्टिअरिंग ओढते, अडवते किंवा सैल सोडते. वळणावर टायर घसरू लागले की हाताला ते डोळ्यांआधी कळते. आर्केड यंत्रांत ही सोय ॲटारीच्या ‘हार्ड ड्रायव्हिन’मध्ये १९८९ मध्येच होती. घरोघरी मात्र ती रुजली लॉजिटेकच्या जी२५ (२००६), जी२७ (२००९) आणि जी२९ (२०१५) या मालिकेमुळे. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या व्हीलमध्ये हीच पुष्कळदा दिसतात, म्हणून या नोंदीचा भर त्यांच्यावर आहे.

रचना : या तिन्हींत दोन मोटरी गिअरच्या साहाय्याने स्टिअरिंगचा दांडा फिरवतात आणि स्टिअरिंग एकूण ९०० अंश फिरते. थ्रस्टमास्टर टी३००मध्ये गिअरऐवजी पट्टा आहे, तर डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारात स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावरच बसवलेले असते. निदान करताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. व्हील आणि संगणक यांच्यात दोन वेगळे व्यवहार चालतात : स्टिअरिंग किती वळले हे संगणकाला कळवणे, आणि किती जोर लावायचा हा संगणकाचा हुकूम मोटरपर्यंत पोहोचणे. एक ठप्प झाला तरी दुसरा चालू राहू शकतो. गाडी वळते पण हाताला काहीच जाणवत नाही, ही तक्रार दुसऱ्या व्यवहाराची. तिथे सेन्सर उघडून बसण्यात अर्थ नाही.

पहिली परीक्षा : वीज आणि यूएसबी दोन्ही जोडल्यावर व्हील आपणहून एका टोकापर्यंत फिरते, मग दुसऱ्या टोकाला जाते आणि मध्यावर येऊन थांबते. गेम सुरू करण्याआधीच्या या काही सेकंदांत जेवढे कळते तेवढे तासभर सेटिंग चाळूनही कळत नाही. व्हील हललेच नाही तर आधी अडॅप्टर, त्याची पिन आणि यूएसबीची वायर तपासावी. वायर हबमधून नेलेली असल्यास थेट संगणकाला लावावी. फिरताना मध्येच अडखळले तर गिअरमध्ये कचरा किंवा मोडका दाता असण्याची शक्यता असते. व्हील फिरून थांबले पण मध्य चुकला, तर आधी टेबलाखाली नजर टाकावी : मध्य हा दोन टोकांवरून काढला जात असल्याने गुडघा किंवा एखादी वायर आड आली तरी तो चुकतो. ही परीक्षा चालू असताना आऱ्यांमध्ये बोटे घालू नयेत.

परीक्षेत व्हील नीट फिरले तर यंत्र बहुधा धडधाकट आहे आणि दोष सॉफ्टवेअरकडे शोधावा. जी२९वरचा सरकता स्विच संगणकासाठी पीएस ३ च्या बाजूला लागतो. काही वेळा मधले सॉफ्टवेअर व्हीलला साधा गेमपॅड समजते; मग जोर येत नाही, फार तर थरथर येते. स्टीमवर खेळणाऱ्यांनी अशा वेळी त्या गेमपुरते ‘स्टीम इनपुट’ बंद करून पाहावे.

मध्य सरकणे : जी२७चा हा नामांकित रोग. सुरुवातीला सगळे ठीक असते. चार-दोन फेऱ्यांनंतर सरळ रस्त्यावर गाडी नेण्यासाठी स्टिअरिंग थोडे तिरपे धरावे लागते, आणि ते वाढत जाते. दोनपैकी एका मोटरच्या दांड्यावर खाचा पाडलेली प्लॅस्टिकची छोटी चकती घट्ट बसवलेली असते. खाचांतून येणारा-जाणारा प्रकाश मोजून स्टिअरिंग किती फिरले ते ठरते. या चकतीला मधल्या भोकापाशी बारीक चीर गेली की ती दांड्यावर घसरू लागते. जोराचा झटका बसला की मोटर पुढे जाते, चकती थोडी मागे राहते आणि मोजणी तेवढी चुकते. पुरती सैल झाली तर सुरुवातीच्या फेरीत व्हील टोकाला जाऊन नुसतेच रेटत राहते. चीर इतकी बारीक असते की भिंगाशिवाय दिसत नाही, म्हणून माणसे विनाकारण मोटर बदलतात. खरा उपाय चकती बदलण्याचा. धातूच्या तयार चकत्याही मिळतात. गोंदाने चिकटवून काम भागते, पण गोंद खाचेत किंवा बेअरिंगमध्ये उतरला तर होते तेही गेले. उघडण्यापूर्वी अडॅप्टर आणि यूएसबी दोन्ही काढावेत. जी२९मध्ये याच कामासाठी चुंबकीय हॉल सेन्सर असल्याचे कंपनीची तांत्रिक माहिती सांगते.

बिघाड नसलेले बिघाड : ट्रॅकच्या कडेच्या कर्बवरून जाताना गिअरच्या व्हीलमधून येणारी खडखड ही दात्यांमधल्या फटीची असते, आवाज त्रासदायक असला तरी तो दोष नव्हे. गेममध्ये जोर फार वाढवला तर मोटरची कमाल मर्यादा गाठली जाते आणि त्यापुढचे सगळे धक्के सारखेच लागतात. अशा वेळी व्हील ‘मेलेले’ वाटते, आणि इलाज जोर कमी करण्याचा असतो, जो कुणालाच पटकन पटत नाही. स्टिअरिंग मध्यावर परतण्याऐवजी टोकाकडे पळत असेल तर जोराची दिशा उलटी लागली आहे; बऱ्याच गेममध्ये ती बदलण्याचा पर्याय असतो.

पेडल : विंडोजच्या ‘गेम कंट्रोलर’ खिडकीत पेडल हळूहळू दाबून पट्टी पाहावी. पट्टी उड्या मारत असेल किंवा पाय काढल्यावरही थोडा ब्रेक दाखवत असेल तर पेडल किती दाबले ते मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या घासपट्टीवर धूळ साचलेली असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर मारून पेडल अनेकदा दाबले की सहसा सुधारते. घासपट्टीच झिजली असेल तर सुटा भाग बदलावा लागतो. तिन्ही पेडल एकदम गेली तर आधी व्हीलच्या मागचा नऊ पिनांचा कनेक्टर पाहावा. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकत्र दाबल्यावर एकमेकांना मारत असतील तर ‘कंबाइंड पेडल्स’ हा पर्याय चालू राहिलेला असतो.

उष्णता व वीजपुरवठा : अर्ध्या-पाऊण तासाने जोर ओसरत जाणे आणि थंड झाल्यावर परत येणे, हे तापलेल्या मोटरचे लक्षण. पट्ट्याच्या व्हीलमध्ये पंखा फिरतो का, जाळी धुळीने बुजली आहे का, ते पाहावे. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये अडॅप्टरच मर्यादा ठरवू शकतो : २०२१ मध्ये आलेले फॅनाटेकचे सीएसएल डीडी सोबतच्या ९० वॅटच्या अडॅप्टरवर ५ न्यूटन-मीटर जोर देते, १८० वॅटचा वेगळा घेतल्यास ८.