मलकापूर परिसराचे स्थलनिर्देशक नकाशे आणि घोडखिंडीचा प्रश्न

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरचे महत्त्व १८४४ नंतर वाढले. त्या वर्षीच्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे मलकापुरास आले. दुर्गम डोंगर सत्तेला नेहमीच खुपतो. त्यामुळे सह्याद्रीची आरंभीची मोजणी लष्करी अधिकाऱ्यांनी केली, यात नवल नाही.

विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले. घाटाखाली दक्षिण कोकणची मोजणी टी. बी. जर्व्हिस याने १८२० च्या दशकात केली. या पद्धतीत शिखरे व बुरूज दुरून दिसत असल्याने त्यांचे कोन घेता येत. दऱ्या मात्र दृष्टीआड राहत. त्या भरून काढण्यासाठी प्लेन टेबल आणि वाट दाखविणारा स्थानिक माणूस या दोहोंचीच मदत असे. १८२७ पासून निघू लागलेल्या 'ॲटलास ऑफ इंडिया'चे प्रमाण इंचास चार मैल होते व त्यात उतार तुटक रेघांनी दाखवीत. कडा आहे एवढे कळे. किती उंच, ते कळत नसे. समोच्च रेषांच्या रंगीत एक इंची नकाशांचा पद्धतशीर कार्यक्रम १९०५ नंतरचा होय.

मेट्रिक मालिकेत मलकापूर ४७ एच/१३ या, तर पन्हाळा ४७ एल/१ या पत्रकात येतो. जुलै १६६० मधील शिवाजी महाराजांचा पन्हाळा-विशाळगड मार्ग अभ्यासताना पत्रके जोडावीच लागतात. खरी अडचण निराळी आहे. १:५०,००० प्रमाणात २५ मीटर रुंदीची खिंड अर्धा मिलिमीटर भरते. समोच्च रेषांतील अंतर सामान्यतः २० मीटर असल्याने त्याहून कमी खोलीची घळ दोन रेषांच्या मध्ये हरवू शकते. गजापूरच्या घोडखिंडीच्या नेमक्या जागेविषयी मतभेद आहेत. ते केवळ पत्रकाच्या आधारे मिटविण्याचा प्रयत्न म्हणूनच सदोष ठरतो.

शिवाय सर्वेक्षणाचा हंगाम कोरडा असतो. पत्रकावर कोरडे ओढे काळ्या रेषेने दाखविलेले असतात, तर बाजीप्रभूंची लढाई भर पावसाळ्यातील आहे. जांभ्याचा सडा नकाशावर जवळजवळ रिकामा, सोपा दिसतो. जुलैत त्यावर पाणी साचते आणि तीच काळी रेषा पार करण्यास उतार शोधावा लागतो.