कप-कोनाची कुळकथा

हैदराबादच्या सुलतान बाजाराला १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार म्हणत. कोठीवरच्या इंग्रज रेसिडेंटाच्या हुकमतीतला हा टापू त्या साली निजामाकडे परत आला. त्याच्या आदल्या वर्षी, जून १९३२ मध्ये, निजाम स्टेट रेल्वेने बससेवा सुरू केली होती. गाड्या २७, माणसं १६६. ग्लासगोच्या अल्बियन कंपनीच्या बसगाड्या त्या काळात हैदराबादच्या रस्त्यांवर धावल्या. अशी जुनी गाडी दिसली की लोक पुढच्या बिल्ल्यापाशी फोटो काढतात. मला मागच्या चाकापाशी वाकावंसं वाटतं. गाडीचं कूळ तिथे, ग्रीसच्या आत असतं.

जुना ट्रक उभा करायला घेतलेला माणूस सुलतान बाजारातून हुसेनसागराला वळसा घालून सुट्या भागांसाठी राणीगंजला पोचतो आणि गल्ल्यावर ट्रकचं नाव सांगतो. तिथेच पहिली चूक होते. चाळीस-पन्नास वर्षांत त्या ट्रकाखाली दुसऱ्याच गाडीचा एक्सल आलेला असू शकतो. पुढे बोर्ड एकाचा, मागे हौसिंग भलत्याचंच. चाकातल्या बेअरिंगची सोयरीक ट्रकशी नसते, एक्सलशी असते.

आता थोडं मागे जाऊ. बैलगाडीचं चाक आसावर घासतच फिरतं. वंगण संपलं की गाव जागं करतं. वेल्समधल्या कार्मार्थनचा लोखंडाचा कारखानदार फिलिप वॉन याने १७९४ मध्ये घोडागाडीच्या आसासाठी खाचेतल्या गोळ्यांचं पेटंट घेतलं. कल्पना चोख होती, पण तंतोतंत सारख्या गोळ्या करणार कोण? एक गोळी केसभर मोठी निघाली तरी सगळा भार तिच्याच माथी. ते कोडं जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशरने १८८३ मध्ये सोडवलं. पोलादी गोळ्या एकसारख्या घासून काढणारं यंत्र त्याने बनवलं. पुढे ते गाव बेअरिंगचं एवढं मोठं आगर झालं की १४ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यावर बॉम्ब टाकायला गेलेल्या अमेरिकनांनी एका दिवसात ६० विमानं गमावली. छर्ऱ्यांसाठी!

पण ट्रकच्या मागच्या चाकाला नुसते छर्रे पुरत नाहीत. गोळी एका बिंदूवर टेकते, रोलर लांबच्या लांब रेषेवर. म्हणून वजन रोलरने पेलावं. शिवाय वळणावर भरलेली गाडी चाकाला आडवी ढकलते, आणि सरळ रोलर त्या रेट्यापुढे हतबल असतो. सेंट लुइसचा बग्गीवाला हेन्री टिमकेन याने पुतण्याच्या साथीने २८ जून १८९८ रोजी निमुळत्या रोलरचं पेटंट मिळवलं. आतली निमुळती कडी म्हणजे कोन, बाहेरची म्हणजे कप, मधे पिंजऱ्यात तिरके रोलर. सगळ्या तिरक्या रेषा आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात, म्हणून रोलर न घसरता फिरतो आणि उभा-आडवा दोन्ही भार घेतो. असे दोन बेअरिंग हबमध्ये एकमेकांच्या उलट दिशेने बसवले की चाक कुठल्याच बाजूला सरकत नाही. फुल फ्लोटिंग एक्सलमध्ये हे बेअरिंग हौसिंगच्या नळीवर बसतात. शाफ्ट फक्त चाक फिरवतो, वजन उचलत नाही. सेमी फ्लोटिंगमध्ये वजन शाफ्टवरच येतं. म्हणून बेअरिंग मागण्याआधी आपला एक्सल या दोहोंपैकी कोणता, ते पाहावं.

टिमकेन अमेरिकन, म्हणून इंची. युरोपातल्या कारखान्यांनी मिलिमीटर धरला. भारतात दोन्ही घराणी आली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला घेतल्या. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला डॉज आणि फार्गो उभे केले. दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलमध्ये निघालेले फौजी ट्रक होतेच. यांच्यात इंची माल. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझचे ट्रक सुरू केले आणि मिलिमीटरचं माप रस्त्यावर आलं. सरसकट मात्र समजू नये. एकाच गाडीत दोन्ही घराणी नांदताना सापडतात. गंमत म्हणजे पुढे टाटांनी भागीदारी केली ती टिमकेनशीच, आणि कारखानाही जमशेदपुरातच निघाला.

आता आकडे. रिंगची कड डिझेलने धुऊन, कापडाने घासून उजेडात तिरकी धरावी. ३२२१८ असं दिसलं तर पहिला ३ म्हणजे निमुळते रोलर. शेवटच्या १८ ला ५ ने गुणलं की आतलं भोक ९० मिलिमीटर. हा एकच नंबर कप-कोन दोघांचा. इंची घराण्यात दोघांचे नंबर वेगळे. एचएम२१२०४९ हा कोन, एचएम२१२०११ हा त्याचा कप. या अक्षरवाल्या नंबरांत शेवटचे दोन आकडे ३० ते ४९ मध्ये असले तर कोन, १० ते १९ मध्ये असले तर कप. जुन्या निव्वळ आकडी नंबरांना हा नियम लावू नये. एकाच कोनाला बाहेरून वेगवेगळे कप चालतात. म्हणून नुसत्या कोनाचा नंबर घेऊन दुकानात जाणं म्हणजे अर्ध्या पत्त्यावर घर शोधणं.

आकडा झिजलाच असेल तर व्हर्निअर लावावा: आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. भोक ६६.६७५ मिलिमीटर असं अडनिडं निघालं की ओळखावं, हे पावणेतीन इंचांना अष्टमांश इंच कमी. ते ६५ किंवा ७० मध्ये बसवायचा खटाटोप करू नये. आणि नंबर बरोबर असूनही कप हबमध्ये सैल बसत असेल, तर दोष बेअरिंगचा नाही. कप फिरून हबमधली बैठक झिजलेली असते. तिथे पंच मारून कप अडकवणारे मिस्त्री पुष्कळ भेटतात. काम लेथवाल्याकडे न्यावं.