दोन पानांचा निबंध

‘ओ’ रक्तगटाचं रक्त कुणालाही चालतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुंबईत काही माणसं अशी सापडली की त्यांना तेही चालेना! तपासणीत गट ‘ओ’सारखाच दिसे, पण ‘ओ’च्या पेशीसुद्धा त्यांच्या रक्तद्रवात गोळा होऊन बसत. असं रक्त चढवलं तर जिवावर बेतायचं.

डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स यांच्याबरोबर मे १९५२च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे मांडलं. निबंध जेमतेम दोन पानांचा. पण त्यातून कळलं की ‘ए’ आणि ‘बी’ हे ‘एच’ नावाच्या पायावर उभे असतात. आई आणि वडील दोघांकडूनही ‘एच’चा सदोष जनुक आला, तर पायाच नाही. मग अंगात ‘ए’चा जनुक असूनही तो दिसत नाही, पुढे मुलांत मात्र उमटू शकतो. (पितृत्वाच्या वादात हे किती महत्त्वाचं, बघा.) रक्तगटांच्या रसायनशास्त्राला या मुंबईकरांनी मोठीच वाट दाखवली.

भाटिया पुढेही याच विषयावर काम करत राहिले. १९७४ साली त्यांनी आणि साठे यांनी मुंबईतलं प्रमाण सुमारे ७,६०० माणसांत एक असं छापलं. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास मानतात.

१९९५ साली शहर मुंबई झालं, २०२३ साली आमचं औरंगाबादही छत्रपती संभाजीनगर झालं. रक्तगट मात्र जगभर अजून ‘बॉम्बे’च आहे.