वाकणे : देहाचे आणि शब्दाचे

सांधा दुमडणे आणि शब्दाला विभक्ती लागणे, या दोन्ही क्रियांना युरोपीय शास्त्रांत ‘फ्लेक्शन’ हे एकच नाव आहे. ते ‘वाकविणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आले. प्रथमा हे शब्दाचे ताठ रूप आणि इतर विभक्ती म्हणजे त्याचे ढळणे, ही कल्पना त्यामागे आहे. ग्रीकांनी तर विभक्तीला ‘पडणे’ असेच म्हटले.

१८०८ साली फ्रीडरिख श्लेगेलने अशा ‘वाकणाऱ्या’ भाषांचा आदर्श म्हणून संस्कृतकडे बोट दाखविले. मौज अशी की, संस्कृत वैयाकरणांनी हे रूपक येथे योजलेच नव्हते. ‘विभक्ति’ म्हणजे विभागणी. पाणिनीच्या मांडणीत प्रथमाही प्रत्यय लागूनच सिद्ध होते. ताठ उभे राहणारे रूपच नाही. मग वाकावे कोणी?

वाकण्याचा शब्द मात्र त्यांच्यापाशी होता. दन्त्य वर्णाचा मूर्धन्य होणे, याला प्रातिशाख्यांनी ‘नति’ म्हटले. ‘देवेन’ पण ‘रामेण’, येथे ‘न’चा ‘ण’ होतो तो हा विकार. त्याच अर्थी ‘विनाम’ असाही शब्द आहे. आणि चरकसंहितेत वातज्वराच्या लक्षणांत अंग वाकणे यालाही ‘विनाम’च म्हटले आहे. हे केवळ रूपक नव्हे. मूर्धन्य उच्चारताना जिभेचे टोक खरोखरच मागे वळते. युरोपात शब्द वाकला; येथे जीभ वाकली.

मराठीची गोष्ट आणखी निराळी. ‘घोडा’ हे सरळ रूप. ‘ला’, ‘ने’ लागण्यापूर्वी त्याचे ‘घोड्या’ होते. युरोपीय रूपक संस्कृतपेक्षा येथे अधिक शोभले असते. तरीही आपण त्याला ‘सामान्यरूप’ म्हणतो, आणि बदलणाऱ्या शब्दांना ‘विकारी’. ‘विकार’ वैद्यकात रोगवाचक; व्याकरणात तो निव्वळ बदल आहे.

१९६१ साली दिल्लीत वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. अखिल भारतीय परिभाषा घडविताना एका परकीय संज्ञेस एकच प्रतिशब्द असावा, हा आग्रह स्वाभाविक वाटतो. या ठिकाणी तो घातक ठरेल. सांध्यासाठी ‘आकुंचन’ घ्यावे, तर तो शब्द वैशेषिकांच्या पाच कर्मांपैकी एक. शिवाय मराठीत तो स्नायूच्या आखडण्यालाही लागतो. तोच व्याकरणात आणल्यास शब्द आखडला, असा अर्थ होईल. परिभाषा घडविणाऱ्याने परकीय शब्दाचा अर्थ घ्यावा. त्याचे रूपक घेण्यापूर्वी आपल्या भाषेत काय वाकते, हे पाहावे.