पी.पी. नंबर आणि कॉम्प्युटर

माझं गाव खर्डा. नाव सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "लढाईचं खर्डा ना?" हो, तेच. ११ मार्च १७९५. एका बाजूला सवाई माधवरावांच्या नावाने एकत्र आलेल्या मराठा सरदारांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा निजाम अली खान. निजामाला आमच्या भुईकोटात आसरा घ्यावा लागला आणि शेवटी मानहानीचा तह करावा लागला. या लढाईला धर्माचा रंग देणाऱ्यांना एवढंच सांगतो, की तो भुईकोट निंबाळकरांचा, आणि हे निंबाळकर निजामाचेच सरदार. असो. आज लढाईवर लिहायचं नाही. त्या काळी बातमी कशी जायची, तिथून सुरुवात करायची आहे.

पेशवाईच्या कागदपत्रांत 'जासूदजोडी' हा शब्द जागोजागी भेटतो. पत्र घेऊन जाणारे जासूद जोडीने निघत. एक आजारी पडला, वाटेत अडकला, तर दुसरा पुढे जाई. आणि पोचल्यावर पत्राखेरीज त्या माणसांनाही विचारता येई, की बाबांनो, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत? बातमी आणणारा माणूस समोर उभा असे. त्याला उलटा प्रश्न करता येत असे. पुढची सगळी गोष्ट या उलट्या प्रश्नाची आहे.

टेलिफोन हिंदुस्थानात आला १८८२ साली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या एक्स्चेंजांतून. तेव्हा फोनला डायल नव्हती. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधला ऑपरेटर बोलायचा, त्याला नंबर सांगायचा, आणि तो तारेची खुंटी योग्य भोकात खोचून जोडून द्यायचा. मधला हा माणूस काढून टाकायचं पहिलं यशस्वी यंत्र अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर नावाच्या गृहस्थाने केलं. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १८९२ मध्ये ला पोर्ट या गावी त्याचं एक्स्चेंज सुरू झालं. स्ट्रोजरचा धंदा अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा. असं सांगतात, की गावातल्या दुसऱ्या दुकानदाराची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि मयताच्या घरचे फोन ती आपल्या नवऱ्याकडे वळवायची. किस्सा खरा असो वा रंगवलेला, स्वयंचलित डायलिंगच्या मुळाशी माणसावरचा अविश्वास होता, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसलं. दुसऱ्या गावाचा नंबर स्वतः फिरवायची सोय, म्हणजे एसटीडी, १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाली. खर्ड्यासारख्या गावांच्या वाट्याला मात्र पुढेही कितीतरी वर्षं ट्रंक कॉलच होता. माझ्या लहानपणी मी तो पाहिलाय. कॉल बुक करायचा आणि बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर. लाइटनिंगला आठपट पैसे, म्हणून तो सहसा मयतालाच.

आणि एक प्रकार होता पी.पी. कॉल, म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. ऑपरेटर नुसता नंबर जोडून मोकळा व्हायचा नाही. तो पलीकडच्याला विचारायचा, "अमुक इसम आहेत का? बोलवा." तो इसम फोनवर आल्यावरच बोलणं सुरू. पुढे हेच शब्द आपण आपल्या पद्धतीने वापरले. घरात फोन नाही, शेजारच्या किराणा दुकानात आहे, तर लग्नपत्रिकेवर दुकानाचा नंबर छापायचा आणि त्यापुढे कंसात 'पी.पी.' लिहायचं. त्या दोन अक्षरांत एक करार होता. दुकानदार पोराला पळवत पाठवणार, आपण ओला हात पदराला पुसत येणार, तोवर पलीकडचा थांबणार.

रमजानच्या एकोणतिसाव्या रात्री या फोनला फार किंमत यायची. आभाळ ढगाळ असलं की सगळ्यांचे कान बाहेरगावच्या खबरीकडे. आपल्या उलमांमध्ये तारायंत्र आलं तेव्हापासून वाद होता: चांदची बातमी तारेवरून आली तर तिला शहादत म्हणायचं की नुसती खबर? शहादत द्यायला साक्षीदार समोर हवा. तारेच्या कागदाला कोण प्रश्न विचारणार? फोन आल्यावर आवाज ओळखता येऊ लागला, तरी समोरासमोरची शहादत ती नव्हेच. मात्र फिकहमध्ये एक वाट आहे, इस्तिफादा. निरनिराळ्या ठिकाणांहून, एकमेकांशी संबंध नसलेल्या इतक्या लोकांकडून एकच खबर यावी की शंकेला जागा राहू नये. म्हणून आमचे मौलाना फोन घेणाऱ्याला खोदून खोदून विचारायचे: कोण बोलला? तू त्याला ओळखतोस? त्याने स्वतः पाहिला की ऐकला? दहा फोन आले तरी ते दहाजण एकाच माणसाचं ऐकून बोलत असतील, तर मौलानांच्या हिशेबी फोन एकच. लहानपणी याचा राग यायचा. शीरखुर्म्याचं दूध नासायची वेळ आली आणि हे विचारतायत कोणी पाहिला.

१९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली आणि तिने आपल्या हवेत, वातानुकूलनाशिवाय चालेल असं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. आमच्याकडे एसटीडीची पिवळी पाटी आली ती याच लाटेत. जामखेड तालुक्याचा कोड ०२४२१ पोरासोरांना पाठ झाला. सी-डॉटच्याच तंत्रावर देशी कंपन्यांनी ऑफिसातले छोटे एक्स्चेंजही बनवले. तेच ईपीएबीएक्स. हेडमास्तरांच्या टेबलापासून वसतिगृहापर्यंत आठ एक्स्टेन्शन, बाहेरच्या लाइनी मात्र दोनच. बाहेर फोन लावायचा तर आधी शून्य दाबा, लाइन मिळाल्याचा टोन ऐका, मग नंबर.

हे 'टोन ऐका' माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटरला शिकवावं लागतं, आणि ते शिकवायचं काम एकदा माझ्या गळ्यात पडलं.

बी.एड. होऊन मी नुकताच नगरच्या (आता अहिल्यानगर) एका संस्थेत लागलो होतो. साल २००४ च्या आसपास. संस्थेला वसतिगृह होतं, मुलं जिल्हाभरातून आलेली. कोणीतरी कल्पना काढली, की पालकांना निरोप द्यायला कॉम्प्युटरकडून आपोआप फोन लावू. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे हे का आलं? कारण कॉम्प्युटरवर उर्दू टायपिंग मलाच यायचं, म्हणजे मला सगळंच येतं असा समज.

मोडेमची भाषा साधी आहे. १९८१ मध्ये हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमने ती रूढ केली आणि पुढे जवळपास सगळ्यांनी उचलली. आधी 'एटी', म्हणजे लक्ष दे. मग 'डी', म्हणजे डायल कर. त्यापुढे 'टी' लिहिलं तर टोन, 'पी' लिहिलं तर पल्स. पल्स म्हणजे जुन्या चकतीची पद्धत, लाइन तेवढ्या वेळा तोडायची, शून्याला दहादा. टोनमध्ये प्रत्येक बटणाला दोन सूर एकत्र वाजतात. फोनच्या बुडाला पी आणि टीचं जे बारीक बटण असायचं, ते याचंच.

पहिल्या दिवशी मोडेम काही केल्या नंबरच फिरवेना. 'डायल टोन नाही' म्हणायचा. टोन तर मला ऐकू येत होता! मग कळलं, की ईपीएबीएक्सचा आतला टोन दूरसंचार खात्याच्या टोनपेक्षा वेगळा असतो आणि मोडेम त्याला ओळखत नाही. उपाय 'एटीएक्स३', म्हणजे टोनची वाट न पाहता आंधळेपणाने फिरव. शिवाय मोडेमला साधं एक्स्टेन्शनच लागतं. ऑपरेटरच्या डिजिटल सेटची तार खोचली तर तो जळायची भीती.

आता नंबर फिरू लागले, पण भलतीकडे. खर्ड्याचा फोन लावावा तर नगरातलीच कुणी बाई उचलायची. तिसऱ्यांदा तिने मला चांगलंच सुनावलं. कारण फार गमतीचं होतं. पहिला शून्य ईपीएबीएक्सचा, दुसरा एसटीडी कोडचा. मोडेम दोन्ही धडाधड फिरवायचा. बाहेरची लाइन पकडायला ईपीएबीएक्सला क्षणभर लागे, तेवढ्यात दुसरा शून्य हवेत जायचा. उरायचं २४२१ आणि पुढचे आकडे. नगरचे नंबर तेव्हा २ ने सुरू होणारे सात आकडी, म्हणून एक्स्चेंज पहिले सात आकडे घेऊन शहरातलीच घंटी वाजवायचं. यावर इलाज होता एक स्वल्पविराम. पहिल्या शून्यापुढे तो टाकला की मोडेम दोन सेकंद थांबतो. आयुष्यभर पोरांना विरामचिन्हं शिकवली, पण स्वल्पविरामाची एवढी किंमत मला तेव्हा कळली.

निरोप माझ्याच आवाजात रेकॉर्ड केला. दहावीच्या मुलांच्या परीक्षा-अर्जांतल्या दुरुस्तीसाठी पालकांनी यायचं होतं. "आपल्या पाल्याच्या परीक्षा-अर्जाच्या संदर्भात तातडीने कार्यालयाशी संपर्क साधावा." क्लार्कने रजिस्टरवरून नंबरांची यादी कॉम्प्युटरवर उतरवली. नंबराच्या रकान्यात फक्त आकडे जात, म्हणून 'पी.पी.' ही अक्षरं गळून पडली. त्यात आपण काही घालवतोय असं कोणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

खर्ड्याच्या बाजूची अकरा मुलं होती आणि अकराही घरांचा नंबर गावातल्या एकाच किराणा दुकानाचा.

दुकानदार चाचा मला लहानपणापासून ओळखत. संध्याकाळी फोन वाजला, त्यांनी उचलून "बोला" म्हटलं. पलीकडे कोण उचलतंय हे आमच्या मोडेमला नीट कळायचं नाही. निरोप कधी आधीच सुरू व्हायचा आणि पहिले शब्द घंटीतच जायचे. चाचांना ऐकू आलं एवढंच: "...संदर्भात तातडीने कार्यालयाशी संपर्क साधावा." आवाज त्यांनी ओळखला. म्हणाले, "अरे, कोणाचं पोरगं? काय झालं?" मी उत्तर दिलं नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणून फोन ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा माझाच फोन. असे अकरा.

दुकानापुढे बायामाणसं जमली. प्रत्येकीला वाटलं, आपलाच. कोणी म्हणालं जेवणातून बाधा झाली, कोणी म्हणालं वसतिगृहाची भिंत पडली. त्यांनी कार्यालयाला उलट फोन लावले, तर एंगेज. एक लाइन कॉम्प्युटरने अडवलेली, दुसरीवर बाकीच्या गावांतले असेच घाबरलेले पालक. मी तेव्हा घरी, यंत्र कसं झकास चाललंय या समाधानात.

पहाटे वसतिगृहाच्या फाटकाशी एक बाप उभा होता. ऊसतोडणीवरून परतलेला माणूस, मिळेल त्या गाडीने रात्रभर आलेला. मुलाला उठवून समोर आणलं, तेव्हा त्याने आधी पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे वळला. "सर, चाचा म्हणाले तुम्हीच बोलत होता. मग विचारलं तर सांगितलं का नाही?"

मोडेम, एक्स्टेन्शन, रेकॉर्डिंग असं काहीतरी मी बोललो. तो ऐकून घेत होता. वयाने माझ्या वडलांएवढा. मी माफी मागितली, चहा पाजला आणि अर्जातल्या दुरुस्तीवर त्याची सही घेतली. वडिलांच्या नावातला एक काना चुकला होता.

त्या आठवड्यात आम्ही पद्धत बदलली. रेकॉर्डिंग काढून टाकलं. यादीत 'कोणाला बोलवायचं' असा रकाना घातला. नंबर कॉम्प्युटरने फिरवायचा, घंटी वाजू लागली की रिसीव्हर आम्ही उचलायचा आणि मुलाचं नाव घेऊन बोलायचं. वेळ जास्त लागायचा. क्लार्क कुरकुरायचा. तरी चुकीचे आकडे दाबले जाणं थांबलं, एवढा कॉम्प्युटरचा खरा उपयोग झाला आणि तो कमी नव्हता.

पुढे हे तंत्र फार मोठं झालं. बँका आणि विमा कंपन्यांच्या कॉल सेंटरांत प्रेडिक्टिव्ह डायलर आले. किती लोक उचलणार नाहीत याचा अंदाज बांधून ते मोकळ्या माणसांपेक्षा जास्त नंबर एकदम फिरवतात. अंदाज चुकला की तुम्ही "हॅलो, हॅलो" म्हणत राहता आणि पलीकडे कोणीच नसतं. अमेरिकेने अशा फोनांवर १९९१ मध्ये कायदा केला. आपल्याकडे २००७ पासून 'नको' म्हणणाऱ्यांची नोंदवही आली, मग १९०९ क्रमांक आला आणि विक्रीच्या फोनांना १४० ची मालिका आली. तरी निवडणुकीत पुढाऱ्याचा आवाज कानात बोलतोच. त्याला रस्त्याचं विचारा, तो आमच्या मोडेमसारखाच आपलं वाक्य पुरं करून फोन ठेवतो.

मौलानांचा तो हिशेब मला या सगळ्यानंतर समजला. यंत्र एका तासात गावातल्या प्रत्येक घराला फोन लावू शकतं. प्रत्येकाला वाटेल, खबर चहूकडून आली. चाचांना अकरा फोन गेले होते, पण इस्तिफादा त्यात नव्हता. मी एकदाच बोललो होतो, तेही आदल्या दिवशी, बंद खोलीत.

चाचांच्या दुकानातला तो फोन केव्हाच बंद झाला. आता मी जिथे शिकवतो तिथेही पालकांना निरोप मेसेजनेच जातात. जूनमध्ये प्रवेश-अर्ज भरून घेताना काहीजण मात्र अजून दोन नंबर देतात. पहिला स्वतःच्या मोबाइलचा. दुसऱ्यापुढे शेजाऱ्याचं नाव लिहून म्हणतात, "सर, आम्ही रानात असलो तर यांना सांगा, हे बोलवून देतात."